पाणी स्वच्छ, तरी पिल्लं का मरतात?

रात्री टँकभर पळणारी सिक्लिडची पिल्लं सकाळी तळाशी निपचित. पाणी तर काचेसारखं! मग झालं काय? अनेकदा गुन्हेगार असतो डोळ्यांना न दिसणारा अमोनिया. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजलं की तो तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट, मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये वाढतात. पण नव्या टँकमध्ये त्यांना जम बसवायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. आपण मात्र दुसऱ्याच दिवशी मासे सोडून मोकळे!

त्यात दुकानातले पिवळे-निळे सिक्लिड बहुतेक आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या वंशातले. त्यांना ८ च्या आसपास पीएचचं पाणी मानवतं. आणि पीएच जितका चढा, तितका अमोनिया जास्त विषारी. पिल्लं नाजूक, म्हणून पहिला फटका त्यांनाच.

पिल्लं दगावली तर लगेच औषध ओतू नका. आधी टेस्ट किटने अमोनिया तपासा. क्लोरीन काढलेल्या पाण्याने पाव ते अर्धं पाणी बदला, खाणं कमी करा. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने ते कामाचे बॅक्टेरियाही मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो हलका पिळा.