'दिसले नाही' ही नोंद

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे गुरुजी शाळेत आकाशनिरीक्षण मंडळ चालवीत. १९६५ च्या नोव्हेंबरात इकेया-सेकी धूमकेतू पहाटे आपापल्या घरून पाहून वहीत नोंदवावा, असे त्यांनी सांगितले होते. त्या पहाटे आकाश ढगाळ होते. वही कोरी राहू नये म्हणून मी 'धूमकेतू दिसला' असे लिहिले. गुरुजींनी ती ओळ खोडली आणि खाली लिहिले, 'ढग. दिसला नाही.' पुढे मी मराठीचा अध्यापक झालो. खगोलशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तथापि सूर्यमालेबाहेरील ग्रहांच्या शोधाविषयी वाचताना ती खोडलेली ओळ मला वारंवार आठवते.

या शोधाचे एक जुने पान पुण्याशी निगडित आहे. कंपनी सरकारचे इंजिनिअर विल्यम स्टीफन जेकब यांनी १८४२ साली पुण्यात स्वतःची वेधशाळा उभारून जोडताऱ्यांची मोजमापे घेतली. मद्रास वेधशाळेचे प्रमुख असताना, १८५५ साली, भुजंगधारी तारकासमूहातील एका जोडताऱ्याच्या भ्रमणात त्यांना अनियमितता आढळली. तेथे ग्रह असावा, हा त्यांचा तर्क पुढे टिकला नाही. परंतु न दिसणाऱ्या ग्रहाचा माग ताऱ्याच्या चालीवरून काढावा, ही दृष्टी खरी होती. १९९५ साली मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांनी '५१ पेगासी' या ताऱ्याचे डोलणे त्याच्या वर्णपटावरून मोजले आणि त्याभोवती सुमारे सव्वाचार दिवसांत फिरणारा ग्रह शोधला. २०१९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरी वाट अधिक्रमणाची. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचे तेज किंचित घटते. १९९९ साली महाश्व तारकासमूहातील एका ताऱ्याबाबत ही घट प्रथम टिपली गेली. ती सुमारे दीड टक्का होती. डोळ्यांना ती कळत नाही, पण लहान दुर्बिणीला जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याला कळते. हौशी निरीक्षकाला येथेच वाव मिळतो. तो तासन्‌तास एकाच ताऱ्याची छायाचित्रे घेतो आणि शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी त्याचे तेज ताडून पाहतो. ढगाने सारेच तारे मंदावतात; ग्रहाने मात्र एकच. तरीही घट दिसली की ग्रह सापडला, असे नव्हे. परस्परांना झाकणारे जोडतारेही असाच आभास निर्माण करतात.

२००६ साली उत्तर मुकुट तारकासमूहातील 'एक्सओ-१ बी' हा ग्रह निश्चित करण्यात अमेरिका व युरोपातील हौशी निरीक्षकांचा वाटा होता. संशयित ताऱ्यांवर पाळत ठेवणे हे त्यांचे काम. अशा संशयितांपैकी पुष्कळ फोल ठरतात. म्हणून 'घट दिसली नाही' ही प्रामाणिक नोंदही मोलाची. तिच्यामुळे मोठ्या दुर्बिणींचा वेळ वाचतो. खोटी 'दिसली' मात्र अनेकांच्या रात्री वाया घालविते.

शाळेचे मंडळ बंद पडून बरीच वर्षे झाली. ते पुन्हा सुरू व्हावे, अशी माझी माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. दुर्बिणीसाठी वर्गणी जमेल. परंतु त्याआधी एक वही घ्यावी आणि तिच्या पहिल्या पानावर गुरुजींची ती दुरुस्ती लिहावी.