एकच विनंती, दोन कंठ

विवाहाची व्याख्या आम्ही सेमिनरीत असताना शिकलो. ती अचूक आहे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. तथापि विवाहपूर्व वर्गात ती सांगू लागलो, की समोर बसलेल्या तरुण-तरुणींच्या मुखांवर एक निमूट शांतता पसरते. शब्द कानापर्यंत गेले, आत उतरले नाहीत, हे आम्हांस तत्काळ कळते. म्हणून आता आम्ही वर्गाचा आरंभ एका भावगीताने करतो. त्याचे नाव ‘शुक्रतारा’. ते लावताच वर्गाची मान वर होते. आजीच्या तोंडून ऐकलेली चाल नातवंडांनाही ओळखीची असते.

हे युगुलगीत 1960 च्या दशकाच्या आरंभीचे. शब्द वेंगुर्ल्यास जन्मलेल्या मंगेश पाडगांवकरांचे, स्वररचना श्रीनिवास खळे यांची, आणि गाणारे अरुण दाते व सुधा मल्होत्रा. यात आम्हां सीमेवरच्या लोकांस विशेष आनंद वाटावा असे काही आहे. अरुण दाते यांचा जन्म 1934 साली इंदुरास झाला, म्हणजे ते आपल्याच मध्य प्रदेशचे. सुधाताई तर हिंदी चित्रपटगीते गाणाऱ्या. मराठी ही त्यांची मातृभाषा नव्हे. घरी मराठी आणि शाळा-कचेरीत हिंदी, असा ज्यांचा दिवस दोन भाषांत वाटला गेला आहे, त्या आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या वाचकांस हे सांगावयास नकोच, की दुसऱ्याची भाषा नीट उच्चारावयास किती लक्ष द्यावे लागते. संसाराचा पहिला धडा येथेच आहे. पती आणि पत्नी एकच मराठी बोलत असली, तरी दोघांची भाषा एक नसते. माहेरच्या घरात ‘बरं’ म्हणजे होकार असतो. सासरी त्याच ‘बरं’चा अर्थ ‘आता पुरे’ असा होऊ शकतो. ती भाषा शिकावी लागते, आणि शिकताना चुकावे लागते.

दुसरी गोष्ट गीताच्या बांधणीत आहे. प्रियकर आरंभ करतो, जवळ राहण्याची विनंती करतो. पुढे प्रेयसी आपले कडवे गाते आणि शेवटी तीच विनंती ती त्यास करते. वाक्य तेच, केवळ एका अक्षराचा पालट होऊन स्त्रीलिंगाचे पुल्लिंग होते. एक मागणारा आणि दुसरी देणारी, अशी विभागणी येथे नाही. दोघेही मागतात, दोघेही देतात. आणि एक गात असता दुसरा थांबतो. आपल्या किती घरांत असे थांबणे घडते, वाचकहो?

या ठिकाणी आम्हांस स्वतःचीच एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एक तरुण आमच्याकडे आला. लग्नास दोन वर्षे झालेली; तो नोकरीनिमित्त शहरात, पत्नी सासू-सासऱ्यांजवळ गावी. सुट्टीत घरी आला, की भांडण ठरलेले. त्याने अर्धा तास गाऱ्हाणे सांगितले आणि आम्ही ते सर्व खरे मानले. दुसऱ्या दिवशी त्याच्या पत्नीस बोलावून सहनशीलतेवर उत्तम प्रवचन दिले. ती खाली मान घालून ऐकत राहिली. निघताना एवढेच म्हणाली, “फादर, तुम्ही मला काही विचारलंच नाही.” त्या वाक्याने आम्ही जितके शिकलो, तितके पुष्कळ ग्रंथांनी शिकविले नाही. एकाच कंठाचे गाणे ऐकून आम्ही युगुलगीतावर निर्णय दिला होता.

पुढे दोघांना एकत्र बसविले. अट एकच : एकाने बोलावे, दुसऱ्याने उत्तर न देता ते आपल्या शब्दांत पुन्हा सांगावे. प्रथम दोघांनाही ते साधेना. तो तिचे म्हणणे सांगू लागला, की त्यात त्याचेच उत्तर मिसळे. तिसऱ्या भेटीत त्यास प्रथमच कळले, की तिचा राग पैशांवर नव्हता. तो गावी आल्यावर सारा वेळ मित्रांत आणि मोबाईलमध्ये घालवी, यावर होता. आठ महिने वाट पाहून तिला जो मिळे, तो घरात असूनही जवळ नसे.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. गीतातील प्रेयसी म्हणते, की भावना शब्दांत सांगता येत नाही, त्याने तिची लाज ओळखून घ्यावी. प्रेमाच्या पहिल्या दिवसांत हे शोभते. परंतु संसारात ‘त्याला कळायला हवे होते’ या एका अपेक्षेने अनेक घरे मुकी झाली आहेत. शुक्राच्या चांदणीखाली जे न बोलता कळते, ते दळण आणणे, औषधाची बिले आणि सासूबाईंचे गुडघे यांच्या गर्दीत बोलल्यावाचून कळत नाही. पवित्र शास्त्रातील गीतरत्न या प्रेमगीतातही दोन कंठ आहेत. त्यात एके रात्री वल्लभ दार ठोठावतो, ती उठण्यास विलंब लावते, आणि दार उघडते तेव्हा तो निघून गेलेला असतो. किती साधी चूक, आणि तिला शोधत नगरभर फिरावे लागते!

आपल्या भागात प्रेमाची आणखी एक कथा सांगितली जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीवर गोटमार होते. नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि दोन्ही काठांवरून दगड सुटतात. आख्यायिका अशी, की पांढुर्ण्याचा तरुण आणि सावरगावची तरुणी नदी ओलांडून पळून जात असता दोन्ही गावांनी त्यांच्यावर दगडफेक केली आणि दोघेही प्राणास मुकले. त्यांच्या स्मरणार्थ म्हणून जे चालते, त्यात आजही शेकडो लोक जखमी होतात. जीवही गेले आहेत. आम्हांस या कथेत नेहमी एक गोष्ट खटकते : त्या दोघांचे म्हणणे काय होते, हे कोणत्याच काठाने विचारले नाही. आणि आमच्याकडे येणाऱ्या जोडप्यांत आम्ही तेच दृश्य पाहतो. दोन माहेरे, दोन काठ, मध्ये नवविवाहित, आणि सल्ल्याच्या नावाखाली दोन्हीकडून येणारे दगड. आई-वडिलांनो, तुमचा मुलगा किंवा मुलगी रागाने घरी आली, तर प्रथम तिचे ऐका. पण निर्णय देण्यापूर्वी दुसऱ्या काठावर जाऊन तेथलेही ऐका. आमच्यासारखी चूक करू नका.

त्या जोडप्याचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. भांडणे संपली नाहीत. परंतु त्याने कामाच्या ठिकाणी खोली घेऊन पत्नीस तेथे नेले. मध्यंतरी सणास दोघे आले होते. ती म्हणाली, “अजून भांडतो फादर, पण आता पाळीपाळीने.” आम्ही दोघांस आशीर्वाद दिला.

वाचकहो, आज रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील दिवे थोडे मंद करा आणि ते जुने गीत लावा. संपल्यावर मोबाईल बाजूस ठेवून सोबत्यास एकच प्रश्न विचारा : “आज तुझा दिवस कसा गेला?” आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा.