पनामाचा तह आणि त्यातील एक ‘जर’

‘बळी तो कान पिळी’ ही म्हण राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारालाही लागू पडते, याची साक्ष इतिहास वारंवार देतो. तथापि दुर्बळाच्या हाती काहीच नसते, असे मात्र नाही. मध्य अमेरिकेतील पनामा या चिमुकल्या देशाने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांशी जवळजवळ शतकभर एक वाद चालविला. त्या वादात त्याचा मोठा आधार होता तो एका तहातील एका ‘जर’चा.

अटलांटिक व पॅसिफिक या दोन महासागरांमधील भूमीची चिंचोळी पट्टी म्हणजे पनामा. १९०३ सालापर्यंत हा मुलूख कोलंबियाच्या राज्यात मोडत असे. तेथे कालवा खणण्याची संयुक्त संस्थानांची इच्छा होती. परंतु त्यासाठी झालेला करार कोलंबियाच्या सेनेटने ऑगस्ट १९०३ मध्ये फेटाळला. पुढे ३ नोव्हेंबर रोजी पनामाने आपले स्वातंत्र्य पुकारले. आदल्याच दिवशी ‘नॅशव्हिल’ ही अमेरिकन युद्धनौका कोलोन बंदरात येऊन दाखल झाली होती. तीन दिवसांतच वॉशिंग्टनने नव्या राष्ट्राला मान्यता दिली.

लगेच १८ नोव्हेंबरला कालव्याचा तह झाला. त्यावर संयुक्त संस्थानांचे परराष्ट्रमंत्री जॉन हे यांनी सही केली; पनामाच्या वतीने मात्र सही केली ती फिलिप ब्युनो-व्हारिला या फ्रेंच इंजिनिअराने. पूर्वीच्या फ्रेंच कालवा कंपनीशी त्याचे हितसंबंध गुंतलेले होते. पनामाचे स्वतःचे प्रतिनिधी वॉशिंग्टनला पोहोचले ते सही झाल्यावर काही तासांनी! या तहाने दहा मैल रुंदीचा पट्टा संयुक्त संस्थानांना कायमचा मिळाला. मोबदला ठरला रोख १ कोटी डॉलर, आणि नऊ वर्षांनंतर दरसाल अडीच लाख डॉलर.

या तहाचे तिसरे कलम विशेष महत्त्वाचे आहे. संयुक्त संस्थाने जर त्या भूमीची सार्वभौम सत्ता असती, तर जे अधिकार तिला लाभले असते, ते सर्व तिने तेथे चालवावेत, असा त्याचा आशय. वॉशिंग्टनने यातील ‘सर्व अधिकार’ या शब्दांवर भर दिला. पनामाचे कायदेपंडित मात्र ‘जर’वर बोट ठेवीत. जो स्वतःच मालक असतो, त्याच्याविषयी ‘जर हा मालक असता तर’ असे कोणी लिहीत नाही. म्हणजेच भूमी पनामाची, आणि कारभार तेवढा दुसऱ्याकडे सोपविलेला, असा त्यांचा युक्तिवाद होता.

१५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा खुला झाला. सुमारे ८० किलोमीटर लांबीचा हा जलमार्ग जगाच्या व्यापाराला वरदान ठरला. पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात परक्यांचे पोलिस, परक्यांची न्यायालये आणि परक्यांचे टपाल होते. देशाचे जणू दोन तुकडे झाले होते. पनामाने एकेक पाऊल टाकीत तहात दुरुस्त्या करवून घेतल्या. १९३६ च्या कराराने पनामाच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप करण्याचा हक्क संयुक्त संस्थानांनी सोडला. १९५५ मध्ये वार्षिक रक्कम वाढून १९ लाख ३० हजार डॉलर झाली. मूळ प्रश्न मात्र पैशाचा नव्हता, निशाणाचा होता.

९ जानेवारी १९६४ रोजी तो उघड्यावर आला. पट्ट्यातील काही स्थळी दोन्ही देशांची निशाणे शेजारी शेजारी फडकावीत, असे आधीच ठरले होते. तरीही बाल्बोआ येथील शाळेत अमेरिकन विद्यार्थ्यांनी केवळ आपलेच निशाण उभारले. पनामाचे विद्यार्थी आपले निशाण घेऊन तेथे गेले. झटापटीत ते फाटले, आणि दंगल उसळली. पनामाचे वीसहून अधिक लोक आणि काही अमेरिकन सैनिक प्राणास मुकले. राष्ट्राध्यक्ष रोबेर्तो चिआरी यांनी संयुक्त संस्थानांशी राजनैतिक संबंध तोडले. एवढ्या लहान राष्ट्राने एवढे धाडस करावे, हे जगाला नवल वाटले. एप्रिलमध्ये संबंध पुन्हा जुळले, ते वाटाघाटींच्या आश्वासनावर.

मार्च १९७३ मध्ये पनामाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेची बैठकच आपल्या राजधानीत भरविली. पनामाच्या बाजूच्या ठरावाला भारतासह १३ राष्ट्रांनी पाठिंबा दिला. ब्रिटन तटस्थ राहिले, आणि संयुक्त संस्थानांनी नकाराधिकार वापरला. ठराव पडला, पण एकटे कोण उरले, ते सर्वांना दिसले.

अखेर ७ सप्टेंबर १९७७ रोजी ओमार तोरिहोस आणि जिमी कार्टर यांनी नव्या करारांवर सह्या केल्या. अमेरिकन सेनेटमध्ये दोन्ही करार ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत झाले. आवश्यक संख्येहून अवघे एक मत अधिक! सर्वच मागणे पनामाच्या पदरात पडले नाही. कालव्याच्या तटस्थतेचे रक्षण करण्याचा हक्क संयुक्त संस्थानांकडे राहिला. कागदाला मर्यादा असतात, हेही पुढे दिसले. डिसेंबर १९८९ मध्ये नोरिएगा यांची सत्ता उलथण्यासाठी अमेरिकन सैन्य पनामात उतरलेच. परंतु ठरलेली मुदत मात्र पाळली गेली. ३१ डिसेंबर १९९९ च्या दुपारी कालवा पनामाच्या स्वाधीन झाला.

जानेवारी २०२५ मध्ये डॉनल्ड ट्रंप यांनी कालवा परत घेण्याची भाषा केली, तेव्हा पनामाने पुन्हा जुनाच मार्ग धरला. त्याने संयुक्त राष्ट्रसंघाला पत्र लिहून सनदेच्या कलमाकडे लक्ष वेधले. पनामाला आज स्वतःचे सैन्य नाही. अशा राष्ट्राला सही केलेल्या कागदातील प्रत्येक शब्द जपावाच लागतो, कारण तोच त्याचा किल्ला असतो. तो किल्ला अभेद्य नसेल. परंतु पनामाने शहाण्णव वर्षे तो धीराने लढविला, आणि कालवा त्याच्या हाती आला.