ओसरी दुसऱ्याची, वही आपली



आज बोलायचंय ते इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या जागेबद्दल. आता कितीतरी गटांचे ब्लॉग आहेत. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची वही, कुणालाही उघडून वाचता येते. पापड-मसाल्यांची माहिती, मेळाव्याचे फोटो, गावातली जुनी गाणी आपण तिथं ठेवतो. एक पैसा पडत नाही. पण दुसऱ्याच्या ओसरीवर धान्य वाळत घालावं, तसं असतं ते. धान्य आपलं, ओसरी त्याची. त्यानं उद्या ओसरी मोडायची म्हटलं, तर आपण काय करणार?

आमचंच सांगतो. आमच्या गटानं अशाच एका फुकट जागेवर वही सुरू केली होती. म्हाताऱ्या बायकांकडून हळदीची आणि जात्यावरची गाणी ऐकून तिथं लिहून ठेवली. खातं गटातल्या एका मुलीनं स्वतःच्या ईमेलवर उघडलं. पुढं तिचं लग्न झालं, नंबर बदलला, तो ईमेल उघडायचा राहिला. कंपनीनं सेवा बंद करायचं ठरवलं. नोटीस आली नाही असं नाही. आली, पण ती वाचणारं कुणी नव्हतं. आम्ही पान उघडायला गेलो तर ते उघडेचना. ज्या आजींनी सर्वांत जास्त गाणी सांगितली, त्या तोवर वारल्या होत्या. त्यांची बावीस गाणी आम्ही घेतली होती. कच्च्या वहीत सापडली नऊ.

हे मोठ्या ठिकाणीही झालंय. जिओसिटीज नावाच्या जागेवर लोकांनी लाखो पानं फुकट मांडली होती. याहू कंपनीनं ती १९९९ साली विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ ला बंद केली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून बराच भाग उतरवून घेतला, म्हणून तेवढा वाचला. पोस्टरस ही ब्लॉगची सेवा ट्विटरनं २०१२ मध्ये घेतली आणि ३० एप्रिल २०१३ ला बंद केली. सुमारे अडीच महिने आधी सांगितलं होतं. ज्यांनी आपलं लिखाण उतरवून घेतलं, त्यांचं राहिलं.

जागा चालू असूनही मजकूर जाऊ शकतो. टंबलरनं डिसेंबर २०१८ मध्ये अश्लील चित्रांवर बंदी आणली. तपासणी बरीचशी यंत्राकडून झाली, त्यात साधी चित्रंही अडकली. दुसऱ्याचा फोटो किंवा गाणं न विचारता टाकलं आणि त्यानं तक्रार केली, तरी मजकूर काढला जातो. शिवाय सलग दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकण्याचा नियम गूगलनं २०२३ मध्ये जाहीर केला. म्हणजे नुसतं विसरल्यानंही वही जाऊ शकते.

मग करायचं काय?

पहिलं, आधी कागदावर. गाणं, कृती, हिशोब वहीत लिहा, मगच ब्लॉगवर टाका. मूळ फोटो पेनड्राइव्हमध्ये वेगळे ठेवा.

दुसरं, खातं गटाच्या नावाच्या ईमेलवर उघडा. बँकेत आपण एकटीच्या सहीवर पैसे ठेवत नाही, तसंच इथं. पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे असू द्या. पदाधिकारी बदलल्या की दप्तराबरोबर पासवर्डही सोपवा आणि नवा करून घ्या.

तिसरं, महिन्याच्या बैठकीत कुणीतरी खातं उघडून ईमेल वाचावेत.

चौथं, तीन महिन्यांनी एकदा सगळं लिखाण उतरवून घ्या. गूगलच्या ब्लॉगरवर सेटिंग्जमध्ये बॅकअपची सोय आहे. फोनवर अवघड वाटलं तर शिकणाऱ्या मुलीला शेजारी बसवा, पण पाहून स्वतःही शिका.

पाचवं, नोटीस आली तर घाबरू नका. आधी तारीख पाहा, मजकूर उतरवून घ्या. चुकून काढलं असेल तर फेरविचाराची विनंती नंतर करता येते. मात्र नोटिशीच्या नावाखाली कुणी फोन करून ओटीपी मागितला, तर देऊ नका.

फुकट जागा वापरूच नका, असं आम्ही म्हणत नाही. तिच्यामुळेच आपला मसाला लांबच्या गावी पोचतो. आम्हीही नवी वही उघडली आहे. आजींची नऊ गाणी तिथं आहेत आणि गटाच्या कपाटातल्या रजिस्टरातही आहेत. उरलेली तेरा कुणाला आठवतात का, ते आता घरोघरी विचारतो आहोत.

तुमच्या गटाचं खातं कुणाच्या ईमेलवर आहे, एवढं पुढच्या बैठकीत नक्की विचारा.