शहरातल्या अंगणात कोंबडा ठेवावा का?

वाडीवरचे बिऱ्हाड शिरूरला किंवा दौंडला हलले, तरी कोंबड्या मागे राहत नाहीत. मुलांच्या शाळेसाठी, रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यातील नोकरीसाठी, नाही तर रेल्वेतील कामासाठी गुंठा-दीड गुंठ्यात घर बांधले जाते. वास्तुशांत होते न होते तोच मागे खुराडे उभे राहते. घरची अंडी मिळतात, निवडण-खरकटे वाया जात नाही, म्हातारीचा जीव रमतो. इथवर शेजाऱ्यांची फारशी तक्रार नसते. ती सुरू होते कोंबड्यापासून.

अंड्यांसाठी कोंबडा लागतो, असे अजून पुष्कळ घरांत समजतात. तसे नाही. पोल्ट्रीतल्या पिंजऱ्यातील कोंबड्यांनी कोंबड्याचे तोंडही पाहिलेले नसते, तरी त्या अंडी घालतात. नर हवा तो पिलांसाठी, आणि एक नर आठ-दहा माद्यांना पुरतो. दोन-तीनच कोंबड्या असतील तर तो सारखा त्यांच्या मागे लागून त्यांच्या पाठीची पिसे उडवतो. घार किंवा बोका दिसला की इशारा देतो, हा त्याचा गुण मात्र मान्य करायला हवा. पण जाळीच्या बंदिस्त खुराड्यात त्याची गरज ती किती?

"रात्री डालून वर पोते टाकू," असे घरधनी म्हणतात. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण आपण जाणतो. आता शास्त्रज्ञांनी सांगितले आहे की कोंबडे झाकले तरी आरवायचेही राहत नाही. जपानमधील नागोया विद्यापीठात कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून पाहिले, तरी ते साधारण एका दिवसाच्या अंतराने आरवतच राहिले. त्यांच्या अंगातच घड्याळ असते, असे २०१३ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१५ मध्ये असेही दिसले की कळपातला वरचढ कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे पायरीप्रमाणे मागून. तेव्हा दोनांपैकी मोठ्या आवाजाचा विकला म्हणजे शांतता झाली, असे समजू नये. धाकट्याला मोकळे रान मिळते.

आवाज तरी किती? अगदी जवळून मोजला तर शंभर डेसिबेलच्या पुढे जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतची मर्यादा ४५ डेसिबेल आहे. दौंडकर हसतील, रात्रभर गाड्यांचे भोंगे ऐकणाऱ्याला कोंबड्याचे काय कौतुक? पण गाडीचा राग कोणावर काढणार? कोंबड्याला मालक असतो, आणि तो भिंतीपलीकडेच राहतो. शिवाय या दोन्ही गावांत रात्रपाळी करून सकाळी डोळा लागणारी माणसे गल्लीगल्लीत आहेत, आणि कोंबडा काही पहाटेपुरताच आरवत नाही.

पुण्यात सोमवार पेठेत २०१९ च्या मे महिन्यात कोंबड्याने झोपमोड होते म्हणून एका बाईंनी समर्थ पोलीस ठाण्यात अर्ज दिला होता. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ओलेरॉन बेटावरील मॉरिस नावाच्या कोंबड्याविरुद्ध सुट्टीपुरते येणारे शेजारी कोर्टात गेले आणि हरले. पण आपल्या नव्या वसाहतीत मॉरिसचा दाखला देऊन चालायचे नाही. अडीअडचणीला, रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायला धावून येतो तो शेजारीच. त्याच्याशी बोलणे तुटावे एवढे मोल कोंबड्याचे नाही, असे आमचे मत आहे.

मग पिलांचे काय? त्याला सोपी तोड आहे. कोंबडा वाडीवरच भावाकडे, सासऱ्यांकडे राहू द्यावा. इकडची कोंबडी खुडूक बसली की तिकडची ताजी, आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी मागवावीत. एस.टी.तून आणताना ती भुशात किंवा धान्यात रोवून आणावी, घरी आल्यावर निमुळते टोक खाली करून रात्रभर तशीच ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोंबडीखाली सरकवावी. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात बॅटरीपुढे अंडे धरले की आत तांबड्या शिरा दिसतात; ज्यात दिसत नाहीत ती काढून टाकावीत. एकविसाव्या दिवशी पिले बाहेर येतात.

त्यातली निम्मी नर निघणार, हे आधीच धरून चालावे. तीन महिन्यांच्या सुमारास तुरा लाल व मोठा होऊ लागतो, मानेवरची आणि शेपटीच्या बुडाजवळची पिसे लांब, टोकदार होतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात कंठ फुटतो. त्याच्या आत त्यांची पाठवणी वाडीवर करावी. नवसाचा कोंबडाही महिनाभर आधी आणून बांधू नये, जत्रेच्या आदल्या दिवशी आणावा.

एक लक्षात असू द्या. नर नसलेल्या कळपात क्वचित एखादी थोराड कोंबडीच आरवू लागते. काही घरांत तो अपशकुन मानून तिची मान मुरगळतात. तसे करू नये. नर नसल्यामुळे तिने त्याची जागा घेतलेली असते, एवढेच. आणि खुराडे बांधण्याआधी नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात व भिंतीला भिंत असलेल्या घरी विचारून यावे. जाताना चार अंडी न्यायला हरकत नाही.