प्राचीन ताऱ्यांचे रसायन आणि बटू दीर्घिकांचा इतिहास

प्रस्तावना :
महास्फोटानंतर विश्वात प्रामुख्याने हायड्रोजन व हेलियम ही दोनच मूलद्रव्ये होती. लोहासारखी जड मूलद्रव्ये पुढे ताऱ्यांच्या अंतरंगात व त्यांच्या स्फोटांत निर्माण झाली. बर्बिज दांपत्य, विल्यम फाउलर व फ्रेड हॉईल यांनी १९५७ साली या विचाराची सविस्तर मांडणी केली. कमी वस्तुमानाचे तारे अब्जावधी वर्षे टिकतात आणि ज्या वायूतून ते जन्मले, त्याचे रसायन आपल्या बाह्य स्तरात बव्हंशी जपून ठेवतात. त्यांचा वर्णपट तपासणे म्हणजे एक प्रकारे जुने दप्तर वाचणे होय. हे दप्तर बटू दीर्घिकांविषयी काय सांगते, याचा प्रस्तुत लेखात थोडक्यात विचार केला आहे.

मॅग्नेशियम व लोह यांचे गुणोत्तर :
प्रचंड वस्तुमानाचे तारे काही दशलक्ष वर्षांतच स्फोट पावतात व मॅग्नेशियमसारखी मूलद्रव्ये विपुल देतात. श्वेत बटू ताऱ्यांचे स्फोट उशिरा होतात व ते मुख्यतः लोह देतात. साहजिकच, जेथे ताऱ्यांची निर्मिती मंद असते, तेथे लोहाचे एकूण प्रमाण अल्प असतानाच त्याच्या तुलनेत मॅग्नेशियम घटू लागते. आकाशगंगेभोवतीच्या स्कल्प्टरसारख्या बटू दीर्घिकांत नेमके हेच आढळते. आकाशगंगेच्या प्रभामंडलातील तितकेच लोह असलेल्या बहुसंख्य ताऱ्यांत मात्र मॅग्नेशियम अधिक असते. म्हणजेच प्रभामंडल केवळ आज उरलेल्या बटू दीर्घिकांसारख्या घटकांतून बनले, असे म्हणता येत नाही.

रेटिक्युलम-२ चे उदाहरण :
सुमारे एक लाख प्रकाशवर्षे अंतरावरील या अतिमंद दीर्घिकेचा शोध २०१५ मध्ये लागला. अलेक्झांडर जी, ॲना फ्रेबेल व सहकाऱ्यांनी चिलीतील मॅगेलन दुर्बिणीने तिच्यातील नऊ तारे तपासले. त्यांपैकी सात ताऱ्यांत युरोपियमसारखी, जलद न्यूट्रॉन-ग्रहणाने बनणारी मूलद्रव्ये असाधारण प्रमाणात आढळली. हे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. इतर बहुतेक अतिमंद दीर्घिकांत ही मूलद्रव्ये जवळजवळ नाहीत. नेहमीच्या अतिनवताऱ्यांतून ती थोडीथोडी येत असती, तर सर्वत्र सारखी दिसली असती. त्यामुळे ती विरळ, परंतु विपुल उत्पादन करणाऱ्या एखाद्याच घटनेतून आली असावीत, असा निष्कर्ष निघतो.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाच्या गुरुत्वीय लहरी नोंदल्या गेल्या आणि पाठोपाठच्या प्रकाशात जड मूलद्रव्यांच्या निर्मितीच्या खुणा दिसल्या. तथापि, असे विलीनीकरण दीर्घिकेच्या बाल्यावस्थेत इतक्या त्वरेने घडू शकते काय, हा प्रश्न उरतो. म्हणून विशिष्ट, विरळ अतिनवताऱ्यांचा पर्यायही विचारात घेतला जातो.

समारोप :
आपल्या घरातील सोन्याचे मूळ याच प्रश्नाशी निगडित आहे. हिंगोली जिल्ह्यातील लायगो-इंडिया प्रकल्पास २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली असल्याने भावी उत्तरात महाराष्ट्राच्या भूमीचाही वाटा असू शकेल. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांच्या सीमेवरील हा विषय पदवी स्तरावरील अध्यापनातही उपयुक्त ठरेल, असे वाटते.