नवी आवृत्ती आली, पण बदलायची कधी?

द्राक्षबागेत वर वेल दिसते थॉम्पसनची, पण जमिनीखालची मुळे बहुधा डॉगरिजची असतात. खुंट आणि कलम यांचे नाते नाशिककरांना मी काय सांगणार! क्लाउडवर चालणाऱ्या मुक्तस्रोत प्रणालींचेही असेच असते. आपण वापरतो ती एक प्रणाली. तिच्या खाली इतरांनी लिहिलेली शेकडो छोटी पॅकेजेस. त्यांतल्या एखाद्याची नवी आवृत्ती आली, की सर्व्हर सांभाळणाऱ्याला प्रश्न पडतो, आता बदलायची की थांबायचे?

‘नवे ते सुरक्षित’ हा समज अर्धाच खरा आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या पॅकेजमधली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघड झाली. ती १.०.१ या मालिकेत होती; ०.९.८ या जुन्या मालिकेवर राहिलेले सर्व्हर तिच्यातून सुटले. मार्च २०२४ मध्ये तर एक्सझेड या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या अगदी ताज्या आवृत्त्यांत मुद्दाम घातलेला चोरदरवाजा सापडला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढेच आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकले होते! डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो पोचलाच नव्हता.

म्हणून आळसाला मात्र शहाणपण म्हणू नये. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या पॅकेजमध्ये अशी त्रुटी निघाली, की दूरवर बसलेल्या कोणालाही आपल्या सर्व्हरवर हवे ते आदेश चालवता यावेत. तिथे चाचणीसाठी महिनाभर थांबणे म्हणजे घराला कुलूप न लावता गावाला जाणे. पहिली दुरुस्ती अपुरी ठरली आणि त्याच महिन्यात आणखी दुरुस्त्या कराव्या लागल्या, तरीही घाई योग्यच होती.

ओपनस्टॅक या क्लाउड प्रणालीची रीत पाहण्यासारखी आहे. नासा आणि रॅकस्पेस यांनी ती २०१० मध्ये सुरू केली. कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती चालेल, याची एक सामाईक यादी तिथे ठेवतात. नवी आवृत्ती आधी आपोआप होणाऱ्या चाचण्यांतून जाते, मगच यादीतला आकडा वर सरकतो. प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीची यादी सहसा हलवत नाहीत. ही यादी ‘एकमेकांशी जुळते’ एवढेच सांगते. सुरक्षेची हमी देत नाही.

ते काम डेबियन, रेड हॅट यांसारखे वितरक करतात. नव्या आवृत्तीतली फक्त सुरक्षेची दुरुस्ती ते जुन्या आवृत्तीत आणून बसवतात. त्यामुळे नुसता आकडा पाहून ‘आपले पॅकेज जुने, म्हणजे धोक्याचे’ असे ठरवू नका. वितरकाची सूचना वाचा. मात्र तुम्ही पॅकेज बाहेरून आणून स्वतः बसवले असेल, तर हा पहारा तुमच्याकडेच.

नुसत्या नव्या सोयींसाठी बदल करायचा असेल, तर तो निर्यातीच्या ऐन हंगामात पॅकहाउसच्या हिशोबाच्या सर्व्हरवर करू नये. आणि आधार संपण्याची तारीख आधीच दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. ही तारीख कितीतरी वर्षे आधी जाहीर होती, तरी पुष्कळांची धांदल उडालीच.

बदल करण्याआधी सर्व्हरची नक्कल करून तिच्यावर तो चालवून पाहावा, आणि माहितीसाठ्याची प्रत वेगळी ठेवावी. पॅकेज मागे नेता येते. त्याने बदललेली माहिती दर वेळी मागे नेता येतेच असे नाही.